काटा खोटा हाय

विश्रामबाग, सांगली
२९ जुलै १९७४

चि. नाथाजीस,

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. मनातनं येत न्हाई.

पंचमीला मला माहेरी न्यायला तू नानासो काकांना मुराळी म्हणून धाडलंस. म्हाताऱ्या माणसाला उंब्रजपासनं इथवर दोन यष्ट्या बदलाय लावल्यास. मी त्यांना जेवू घातलं नि रिकामं परत पाठवलं, हे तुला कळलं असंलच. सोता का आला न्हाईस? दाजींच्या तोंडाकडं बघायची लाज वाटली व्हय?

आमचं काय चाललंय ते ऐक. चौदा वर्सं ज्यानं लालासाहेबांच्या ट्रकाचं स्टेरिंग धरलं, तो माणूस आता इथल्या एका होस्टेलच्या फाटकावर स्टूल टाकून बसतोय. फाटक उघडायचं, फाटक लावायचं, मोटार आली की उभं ऱ्हायाचं. खाकी कापडं दिल्यात, ती बी दुसऱ्या कुणाच्या मापाची. कराडपासनं सांगलीपतुर एक मालक त्यांना गाडीवर घ्यायला तयार न्हाई. का, तर आकाराम म्हंजे इंजन जाळलेला ड्रायव्हर. आणि हे नाव कुणी पाडलं? माझ्या सख्ख्या भावानं.

मार्चात उसानं भरलेली गाडी घाटात बसली. ओढून तुझ्या गॅरेजात आणली. तू खालचा चेंबर उतरवलास, बेरिंगं वितळलेली बघितलीस आणि दहा माणसांदेखत, हात पुसत पुसत मालकाला म्हणालास, "ड्रायव्हरनं ऑईल बघितलं न्हाई." एवढंच. लालासाहेबांनी तिथल्या तिथं किल्ली काढून घेतली.

आरं, तेच इंजन तीन आठवड्यांमागं तूच बांधून दिलं व्हतंस ना? आणि ऑईल बघितलं न्हाई म्हणतोस? हा माणूस सकाळी चूळ भरायच्या आधी ऑईलची पट्टी ओढून बघतो. माझ्या पातळाच्या पदराला पुसलीय ती पट्टी. त्यावरनं मी भांडलीय त्यांच्याशी.

ते काय बोलत न्हाईत. म्हणून त्यांच्या वाटणीचं मी बोलते.

तुझी आक्का,
विजयमाला

*

उंब्रज
८ ऑगस्ट १९७४

ती. आक्कास,
नाथाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोस्टमननं गॅरेजात आणून दिलं. गिऱ्हाइकं बसली व्हती. मी तिथंच फोडलं, ते चुकलं. तोंड लपवायला जागा ऱ्हायली न्हाई.

तू रागानं लिहिलंस, मीबी रागानंच लिहितो. बारा वर्सं फौजेच्या वर्कशॉपात काढली. तिथं इंजन बांधलं की त्यावर बांधणाऱ्याचं नाव घालत. एकदाबी माझ्या नावाचं इंजन परत आलं न्हाई. मला इंजन शिकवू नको. बेरिंग वितळतं ते तेल न मिळाल्यानं. तेल बघायचं काम ड्रायव्हरचं. यात दाजी आणि मेव्हणा आला कुठं? नात्यासाठी मी मालकाशी खोटं बोललो तर उद्या माझ्या दारात कोण गाडी उभी करंल?

एक सांगतो, राग मानू नको. दाजी निर्दोष असते तर तवाच बोलले असते. ते मान खाली घालून उभं ऱ्हायले. मी बघत व्हतो. ज्याची चूक नसती तो माणूस मान खाली घालत न्हाई.

आणि आता हेबी ऐकून घे. लालासाहेबांना नवा क्रँक मिळालाय. इंजन पुन्हा बांधायला माझ्याकडंच दिलंय. कारखान्याचा सीझन लागायच्या आधी, दसऱ्याला, गाडी चालू करायची हाय. त्यांचा दुसऱ्या मिस्त्रीवर भरवसा न्हाई. यातनं काय समजायचं ते समज.

आई विचारती, आक्का का आली न्हाई. मी सांगितलं, तिला बरं न्हाई.

तुझा भाऊ,
नाथाजी

*

विश्रामबाग
१५ ऑगस्ट १९७४

नाथा,

मला बरं न्हाई असं आईला सांगू नको. मी धडधाकट हाय. आईला सांग, तुमच्या लेकाचं तोंड बघायची इच्छा न्हाई म्हणून विजा आली न्हाई. नानासो काकांच्या हाती धाडलेलं पातळ पार्सलनं परत केलंय. घडीबी मोडली न्हाई.

त्यांनी मान खाली का घातली, हे मलाबी कळत न्हाई. मी विचारलं की म्हणतात, "आमटीत मीठ कमी पडलंय." पण एक ध्यानात ठेव. मान खाली घातलेल्या माणसाकडं बोट दाखवायला लय मोठी छाती लागत न्हाई.

विजयमाला

*

उंब्रज
३ ऑक्टोबर १९७४

ती. आक्कास,
नमस्कार.

पाऊस बरा झाला. आईचे गुडघे दुखत्यात. तुझी भावजय अंजना बरी हाय.

इंजन बांधून झालं, गाडीत बसवलं. लालासाहेब रोज माणूस धाडत्यात, कवा चालू करणार म्हणून. मी म्हणतोय, थांबा.

तुला एक काम सांगतो. दाजींना सहज विचार, मार्चात इंजन जळायच्या आधीच्या दिवसांत ऑईलच्या दाबाचा काटा किती दावत व्हता. मी विचारलं असं सांगू नको. मीटर बदलायचं का न्हाई एवढंच ठरवायचं हाय, दुसरं कायबी न्हाई.

उत्तर लवकर लिही.

नाथाजी

*

विश्रामबाग
१० ऑक्टोबर १९७४

नाथा,

सहज विचारायला सांगतोस. लपूनछपून विचारायला मी काय पोलीस न्हाई. तुझं पत्र घेऊन तशीच फाटकावर गेले आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. सात महिन्यांत पयल्यांदा त्या माणसाचं तोंड रागानं लाल झालेलं बघितलं मी. म्हणाले, "आता विचारतोय व्हय? तवा दोन बाऱ्या सांगाय गेलो व्हतो."

मी म्हटलं, "काय सांगाय?"

"काटा पडतोय म्हणून. नवं इंजन घेऊन आठ दिवस झाले न्हाईत तर काटा खाली याय लागला. तसाच उंब्रजला गेलो. तुझा भाऊ म्हणाला, दाजी, काटा खोटा हाय, मीटर जुनं झालंय, सवडीनं बदलू. चार दिवसांनी पुन्हा गेलो. जेवत व्हता. ताटावरनंच म्हणाला, काट्याकडं बघून गाडी हाकता व्हय? कानानं हाका. पट्टीवर तेल भरलेलं व्हतं. मिस्त्री म्हणतोय तर असंल खोटा, म्हणून मी गाडी हाकली."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी दहा माणसांत हे का बोलला न्हाईत?"

मग म्हणाले, "बोललो असतो तर त्याचं गॅरेज तिथल्या तिथं बंद पडलं असतं. आणि तुझं माहेर गेलं असतं."

नाथा, माझं माहेर राखायला त्यांनी तोंड शिवून घेतलं आणि मला विचारलं न्हाई. माझं माहेर, आणि मलाच विचारलं न्हाई! मी लय ओरडले त्यांच्यावर. येणारी जाणारी माणसं थांबून बघत व्हती, तरी ओरडले. तुम्ही दोघा पुरुषांनी मिळून माझं काय काय ठरवून टाकलं, आणि मी इकडं सात महिने खुळ्यासारखी आमटीत मीठ वाढवत बसले.

आता तुला विचारते. हे तुला आठवत न्हवतं, का आठवत असताना तू हात पुसत उभा व्हतास? आणि आजच काटा का आठवला? तुला काय तरी सापडलंय. मीटर बदलायला कुणी बहिणीला पत्र लिहीत न्हाई.

खरं लिही. न्हाईतर मी सोता यष्टीत बसून येते, आणि मग जे बोलंन ते सगळा हायवे ऐकंल.

विजयमाला

*

उंब्रज
१६ ऑक्टोबर १९७४

ती. आक्कास,

खरं लिहितो. तीन कागद फाडले, हा चौथा.

बांधलेलं इंजन एकदम चालू करायचं नसतं. आधी तेल भरायचं, मग डिझेलचे पंप-नोझल सोडून इंजन नुसतं फिरवायचं, पेटू द्यायचं न्हाई. फिरवता फिरवता तेल खालनं वर चढतं, सगळ्या बेरिंगांतनं जाऊन पार वर, झाकणाखालच्या रॉकरच्या दांड्यांवर येतं. ते डोळ्यांनी बघायचं. रॉकर भिजला की मग डिझेल जोडून इंजन पेटवायचं. फौजेत हे चुकलं तर शिक्षा व्हती.

गेल्या महिन्याच्या तीस तारखेला मी इंजन फिरवाय लागलो. तेल वर येईना. काटा हलंना. पंप काढून बघितला, पंप चांगला. पुन्हा फिरवलं, रॉकर कोरडा ठणठणीत. मग ब्लॉकच्या आत तेलाची जी लांब वाट असती, तिच्या टोकाचं बूच काढलं आणि तार घातली. तारेला चिंधी लागून आली. काळी झालेली, फुगलेली. रॉकेलात धुतली तर हिरवी निघाली.

आक्का, माझ्या फौजेच्या जुन्या शर्टाची चिंधी. काम करताना भोकात घाण जाऊ नये म्हणून मी असल्या चिंध्या कोंबतो. ह्या रस्त्यावर दुसरं कोणी तसलं कापड वापरत न्हाई. फेब्रुवारीत इंजन बांधलं तवा ही काढायची ऱ्हायली. आधी तिच्या बाजूनं तेल झिरपत असंल, मग ती सरकत सरकत वाट बंद करत गेली. काटा खरं सांगत व्हता. पट्टीवर तेल व्हतं ते बी खरं, पण ते वर पोचत न्हवतं. फेब्रुवारीत मी रॉकर उघडून बघितलाच न्हवता. घाई झाली, मीच केली.

ह्या बारीला बांधतानाबी बूच काढून वाट साफ करायला पायजे व्हती. नुसती हवा मारली. म्हंजे तीच चूक दोन बाऱ्या. रॉकर बघितला म्हणून सापडली.

दाजी दोन बाऱ्या आले व्हते, हे मला आठवत व्हतं. मार्चातबी आठवत व्हतं. विचारलंस म्हणून लिहितो.

चिंधी सोळा दिवस डब्यात झाकून ठेवली व्हती. चुलीत टाकायला दोनदा उचलली. तुझं पत्र अंजनानं वाचलं. त्या दिवसापासनं ती माझ्याशी बोलत न्हाई, ताट सरकवती आणि उठून जाती.

आता एक वाट दिसती. लालासाहेबांना सांगतो, तेलाचा पंप मुळातच खराब निघाला, ड्रायव्हरची चूक न्हवती. दाजींना गाडी परत मिळंल, माझं गॅरेज ऱ्हाईल, कुणाचं नुकसान व्हणार न्हाई. दाजींना विचारून कळव. ते समजून घेतील.

नाथाजी

*

विश्रामबाग
२० ऑक्टोबर १९७४

नाथाजी,

मी आकाराम लिवतोय. पत्र लिवायची मला सवय न्हाई. तुझ्या आक्कानं सांगितलं, मी लिवते. मी म्हटलं, ह्या बारीला मी.

समजून घेतील म्हणतोस. समजून घेतलं म्हणूनच ह्या स्टूलावर बसलोय. आता न्हाई घेणार.

पंपावर ढकलू नको. पंप चांगला हाय असं तूच लिवलंस. पयल्यांदा माझ्यावर ढकललंस, आता लोखंडावर ढकलतोस. तुझ्यावर कवा घेणार?

ड्रायव्हर लोक मला हाटेलात बघितलं की काय म्हणत्यात ठाऊक हाय का? "सरका रं, इंजन जाळ्या आला." माझ्या हाताखाली शिकलेली माणसं. मी हसायचो आणि च्या पिऊन उठायचो. हसायचो रं मी.

दहा माणसांत बोललास, दहा माणसांत फेड. दसऱ्याला मी येतोय. मी यायच्या आदी सेल्फला हात लावायचा न्हाई. रॉकर मी बघणार.

तू बोलला न्हाईस तर मी बोलंन. ह्या बारीला तुझ्या आक्काला विचारलंय.

आकाराम

*

उंब्रज
२७ ऑक्टोबर १९७४

ती. आक्कास,

दाजी तुला थोडकंच सांगतील, म्हणून मी सगळं लिहितो.

दसऱ्याच्या दिवशी गॅरेजपुढं गर्दी व्हती. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या व्हत्या. लालासाहेब चार मालकांना घेऊन आले व्हते, सात-आठ ड्रायव्हर आणि नानासो काका व्हते. दाजी यष्टीतनं उतरले आणि सरळ बॉनेटपाशी येऊन उभे ऱ्हायले. कुणाला नमस्कार न्हाई, कुणाकडं बघणं न्हाई. एक ड्रायव्हर काय तरी पुटपुटला, दोघं हसले.

लालासाहेबांनी नारळ उचलला. मी म्हटलं, "मालक, थांबा." डबा उघडला, चिंधी हातात धरली आणि बोललो. चिंधी कुणाची, कुठं सापडली, काटा पडतोय म्हणून दाजी दोनदा आले व्हते, मी काय म्हणालो व्हतो, आणि मार्चात मला ते आठवत असताना मी काय बोललो. सगळं. माझा आवाज मला ओळखू येत न्हवता.

लालासाहेब आधी म्हणाले, "सणाच्या दिवशी काय हे नाथाजी?" मग त्यांच्या ध्यानात आलं. नारळ खाली टाकला आणि पायातली काढून अंगावर आले. दोन बसल्या. मला वाटलं, दाजी आडवतील. दाजींनी आडवलं न्हाई. हात मागं बांधून बघत ऱ्हायले. नानासो काकांनी मधी पडून सोडवलं.

मग दाजी बोलले, "भांडण मागनं करा. रॉकर उघड."

मी उघडला. नोझल सोडलेले व्हतेच. सेल्फ मारत गेलो, मधी मधी थांबत. आक्का, फौजेत तपासणी झाली, साहेब लोक आले, पण असा घाम कवा फुटला न्हवता. किती तरी वेळ कायबी न्हाई. मग पहिल्या दांड्यावर एक बुडबुडा आला. मग तेलाची बारीक धार. दाजींनी बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळून बघितलं, वास घेतला. एकेक करून सगळे दांडे तपासले. शेवटचा भिजला तवा म्हणाले, "हां. आता लाव डिझेल."

पाइप आवळले, डिझेलातली हवा काढली. दाजी वर चढले. तिसऱ्या बारीला इंजन पेटलं. आधी पांढरा धूर आला, मग धूर तुटला. ऐक्सिलेटर दाबला न्हाई, इंजन आपल्या चालीनं चालू दिलं. दहा-पंधरा मिनिटं ते काट्यावरनं नजर हलवत न्हवते. मग खिडकीतनं हाक मारली, "मालक, वर या. काटा बघा."

लालासाहेब वर गेले, बघितलं. खाली येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "आकाराम, झालं गेलं सोड. उद्यापासनं गाडी तुझी."

दाजी खाली उतरले. इंजन चालूच व्हतं, म्हणून मोठ्यानं बोलले. "मालक, चौदा वर्सं तुमची गाडी हाकली. त्या दिवशी तुमी मला एक शब्द विचारला असता, आकाराम, तेल बघितलं व्हतंस का, तर मी बोललो असतो का न्हाई, ते मलाबी ठाऊक न्हाई. पण तुमी विचारलंच न्हाई. किल्ली काढून घेतली. गाडी दुसऱ्याला द्या."

आणि चालू लागले. मघाशी हसलेले दोघं बाजूला सरकले. मी मागनं यष्टी स्टँडपतुर गेलो. म्हटलं, "दाजी, घरला चला, आई वाट बघती." त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई. सोनं द्यायला हात पुढं केला, आपट्याची पानं माझ्याच हातात ऱ्हायली.

काल गॅरेजात उभ्या असलेल्या तीन गाड्या मालकांनी ओढून नेल्या. आज दिवसभर एकबी गाडी थांबली न्हाई. मला वाटत व्हतं, खरं बोललं की माणसाला हलकं वाटतं. तसं काय झालं न्हाई. नुसता राग येतो, आणि तो करायला माझ्याशिवाय दुसरं माणूस उरलं न्हाई.

भाऊबीजेला येऊ का? तू म्हणशील तसं.

तुझा,
नाथाजी

*

विश्रामबाग
९ नोव्हेंबर १९७४

चि. नाथाजीस,

येऊ नको.

तुझ्या पाठीवर बसल्या त्याचं मला वाईट वाटलं, हे लिहून टाकते, कारण आई विचारंल. पण त्यांनी आडवलं न्हाई ते बरोबरच केलं. मी असते तर मीबी आडवलं नसतं.

ते त्या दिवशी घरी आले ते दार लावून बसले न्हाईत की काय न्हाईत. हातपाय धुतले, जेवले आणि म्हणाले, "आमटी बरी झालीय." मी म्हटलं, लालासाहेबांची गाडी का नाकारली? आपल्याला काय फाटकाची लय हौस हाय? त्यावर म्हणाले, "त्या गाडीत बसलो असतो तर जन्मभर काट्याकडं बघत बसलो असतो." मला पटलं न्हाई. आमचं भांडण झालं. आता आमी दोघं भांडतो, नाथा. ते बोलत्यात, मी बोलते. सात महिने मी भिंतीशी बोलत व्हते, त्यापरीस हे बरं.

तुझ्या गॅरेजातली गोष्ट ड्रायव्हर लोकांनी हाटेला-हाटेलातनं सांगत इथवर आणली. परवा इथल्या बाजारातले एक हळदीचे व्यापारी मोटारीतनं होस्टेलच्या फाटकावर आले. हे सवयीनं फाटक उघडाय उठले. व्यापारी खाली उतरून म्हणाले, "मला आत जायचं न्हाई. आकाराम ड्रायव्हर कोण?" सोमवारपासनं त्यांच्या ट्रकावर जायचं ठरलंय. खाकी कापडं मी धुऊन, घडी करून परत केली.

हळद घेऊन गाडी पुण्याला जाईल, म्हंजे उंब्रजवरनंच. मी विचारलं, थांबणार का? त्यांनी ताट पुढं केलं, म्हणाले, "आमटी वाढ." तू रस्त्यावर येऊन उभा ऱ्हाऊ नको.

माझा राग अजून हाय. किती दिवस ऱ्हाईल ते मला सांगता येत न्हाई, आणि तू विचारू नको. आई मरणाला टेकली तर येईन, न्हाईतर माझ्या मनानं येईन तवा येईन. अंजनाला मात्र भाऊबीजेला तिच्या माहेरी जाऊ दे, गॅरेज बंद हाय म्हणून तिला घरात डांबून ठेवू नको. आणि पत्र लिहीत जा. त्यात खरं लिही.

हे पत्र लिहिताना ते शेजारी बसल्यात. तुला काय सांगू का म्हटलं तर म्हणाले, लिही त्याला, लालासाहेबांच्या गाडीचं पयलं ऑईल पाचशे मैलांवर काढून टाक म्हणावं, आणि हेडचे नट पुन्हा एकदा आवळ. इसरू नको म्हणावं.

दुसरं कायबी सांगितलं न्हाई.

तुझी आक्का,
विजयमाला